पाटी आणि वही

शहापूर तालुक्यांत भातसा व तानसा हीं धरणें आहेत. त्यांचें पाणी मुंबईस पोंचतें. परंतु त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. म्हणून आमच्या पुतण्यानें विहिरींतील पाण्याची पातळी नोंदविणारें एक वेब ॲप्लिकेशन तयार केलें. त्यांतील नोंदी मुरबाडास राहणाऱ्या आमच्या भाचीला आपल्या नकाशांत घ्यावयाच्या होत्या.

एका प्रोग्रामनें दुसऱ्यास काय व कसें विचारावें, ह्याची जी ठरलेली रीत तीस एपीआय म्हणतात. त्या रीतीची पुस्तिका पुतण्यानें लिहिली व भाषा आम्हीं तपासली. शुद्धलेखन निर्दोष होतें. तारीख मात्र चुकली होती! पुस्तिकेंत दिवस आधीं, तर प्रोग्रामास वर्ष आधीं हवें. भाचीचे दोन दिवस व्यर्थ गेले.

तेव्हां पुतण्यानें ‘स्वॅगर यूआय’ जोडलें. स्वॅगरचा जन्म वर्डनिक ह्या इंग्रजी शब्दकोशाच्या कंपनींत झाला, हें ऐकून आम्हांस मौज वाटली. त्याच्या नियमलेखास २०१६ पासून ओपनएपीआय म्हणतात. प्रोग्रामांतील व्याख्यांवरूनच माहितीचें पान तयार होतें. व्याख्या बदलली कीं पानही बदलतें. शिवाय प्रत्येक प्रश्नापाशीं एक बटण असतें. तें दाबून प्रश्न पाठवितांच खरें उत्तर येतें: साधलें तर २००, वस्तु न सांपडल्यास ४०४. काशिकावृत्तींत सूत्राखालीं उदाहरण व प्रत्युदाहरण येतें, तसाच हा प्रकार. नियम कोठें लागतो आणि कोठें लागत नाहीं, हें दोन्ही कळल्यावांचून सूत्र उमजत नाहीं.

पण उत्साहाच्या भरांत आम्हीं नोंद पुसण्याचेंही बटण दाबून पाहिलें. काम साधल्याचें उत्तर आलें. सायंकाळीं भाचीचा फोन आला, “मामा, एका पाड्याची विहीर नकाशावरून नाहींशी झाली!” पुतण्यानें जपून ठेवलेल्या प्रतीवरून ती नोंद परत आणली. आम्हांस तो एक शब्दही बोलला नाहीं. तेंच मनाला अधिक लागलें. ज्या पाड्याची नोंदच नाहीं, त्याची तहान कोणाच्या यादींत यावयाची?

आतां प्रयोगासाठीं खोट्या नोंदींची निराळी जागा केली आहे, व खरी नोंद पुसावयाची तर परवान्याची किल्ली लागते. पस्तीस वर्षें आम्ही मुलांना हेंच सांगत आलों कीं, आधीं पाटीवर गिरवा, मग वहींत लिहा. तोच धडा साठीनंतर आम्ही पुन्हां शिकलों.