घरी काय कमी आहे?

26 ऑगस्ट 2022 पासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चं भाडं पडत नाही. आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट हातात ठेवतो. योजनेचं नाव अमृत ज्येष्ठ नागरिक. फुकट प्रवासाच्या खर्चावर वाद घालणारे घालोत. त्या शून्य रुपयांनी आमच्या वाईच्या आत्याला काय दिलं, ते मी जवळून पाहते आहे.

उभ्या जन्मात आत्या घराबाहेर पडली ती दुसऱ्याच्या कारणानं. कुणाचं बाळंतपण, कुणाचं बारसं, कुणाचं दहावं. आता ती स्वतःच्या मनानं निघते. कापडी पिशवीत एक पातळ, गोळ्यांची डबी, दोन दशम्या. नरसोबाची वाडी झाली, अक्कलकोट झालं. मग एकदा कोल्हापूर, ते फक्त रंकाळ्यावर बसून भेळ खायला. ना नवस, ना कुणाकडे कार्य. तेव्हा मात्र तिचा मुलगा कळवळून म्हणाला, "आई, घरी काय कमी आहे गं?"

मुलगा गुणी आहे. आईचं पथ्यपाणी, डोळ्यांचं ऑपरेशन, सगळं त्यानं निगुतीनं केलं. आणि तरी मला वाटतं, आपल्याकडच्या म्हातारपणाची सगळी कोंडी त्याच्या या एका प्रश्नात आहे. वय झालेल्या माणसाला गरजा असतात हे आपण मानतो, त्या भागवण्यात धन्यताही मानतो. पण त्याला इच्छा असतील, नव्या असतील, आपल्याला निरर्थक वाटाव्यात अशाही असतील, हे पचत नाही. गरज दुसऱ्याला भागवता येते. इच्छेसाठी ज्याचं त्यालाच उठावं लागतं, आणि तिथंच घरच्यांचा जीव घाबरा होतो.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. योगेंद्र बांगर या प्राथमिक शिक्षकांनी ती उभी केली, तीही आज्यांनीच बोलून दाखवल्यावर. पोथी आपली आपल्याला वाचता आली असती तर, एवढंच त्यांचं म्हणणं. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या बायका गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन दुपारी दोन तास वर्गात बसू लागल्या. या शाळेच्या बातम्या जगभर गेल्या आणि बहुतेक ठिकाणी सूर कौतुकाचाच होता. मला ते कौतुक थोडं खुपतं. लहान मुलानं बोबडं बोलावं तसं आपण त्या पाटीकडे बघतो. ज्या बाईनं साठ-सत्तर वर्षं अंगठा उठवला, तिला स्वतःची सही करताना काय वाटत असेल, ते गोड या शब्दात मावणारं नाही. जे तिला लहानपणीच मिळायला हवं होतं, ते तिनं उशिरा का होईना मागून घेतलं.

आपल्या रंगभूमीनं म्हातारपण पाहिलं ते बहुतेक मुलांच्या संदर्भात. 'नटसम्राट' 1970 चं, जयवंत दळवींचं 'संध्याछाया' त्याच दशकातलं. दोन्ही नाटकांनी माणसं हुंदके देत घरी गेली, आणि त्यातलं दुःख आजही खरं आहे. पण त्या म्हाताऱ्यांच्या आयुष्याचा सगळा भार मुलं काय करतात यावरच तोललेला आहे. आता काळाचं मापच बदललं. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान 32 च्या आसपास होतं; त्यात अर्थात बालमृत्यूंचा वाटा फार मोठा. आज ते सत्तरच्या घरात आहे, आणि साठीला पोचलेला माणूस सरासरी आणखी 18 वर्षं जगतो. इतकी वर्षं नुसती मुलांच्या फोनची वाट बघत कशी काढायची?

राज्य सरकारचा बहुतेक कर्मचारी 58 व्या वर्षी निवृत्त होतो. धोंडो केशव कर्व्यांनी त्याच वयात, 1916 मध्ये, महिला विद्यापीठ सुरू केलं. सत्तरी उलटल्यावर 1929 मध्ये ते जगाच्या प्रवासाला निघाले आणि 1944 मध्ये, शहाऐंशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी समता संघ काढला. ते असामान्यच. पण दरवर्षी आळंदी-देहूहून पंढरीला चालत जाणाऱ्या म्हाताऱ्यांना कोण असामान्य म्हणतं? ज्येष्ठांनी भरभरून जगावं हा शोध शहरांना आत्ता लागलाय. वारीत तो कुणाला लावावा लागला नाही.

सर्वांत अवघड इच्छा सोबतीची. जोडीदार गेल्यावर नवी सोबत शोधणाऱ्या ज्येष्ठांसाठी पुण्यात 2012 पासून माधव दामले यांचं मंडळ काम करतं आहे. अशा नात्याला घरून विरोध होतो तेव्हा तोंडावर असते लाज, पण पोटात बऱ्याचदा फ्लॅट आणि सातबारा असतो. बायकांना वर फॅमिली पेन्शन बंद होण्याची धास्ती, म्हणून अनेक जण लग्नाऐवजी नुसतं एकत्र राहणं पत्करतात. सत्तरीतल्या दोन शहाण्यासुरत्या माणसांना संध्याकाळचा चहा एकत्र घेण्यासाठी मुलांची परवानगी लागावी, याचा मला राग येतो.

राग आणखी एका गोष्टीचा येतो. म्हातारपण छान जगण्याची जी चित्रं जाहिरातींत दिसतात, ती पेन्शन आणि धड गुडघे असलेल्यांची. श्रावणबाळ योजनेच्या दीड हजारांवर महिना काढणाऱ्या म्हातारीच्या इच्छेला आधी बसायला बाक, स्टँडवर स्वच्छ संडास आणि चढता येईल अशी गाडीची पायरी लागते. आत्यालाही फुकट तिकिटापेक्षा ती पायरीच जड जाते.

आणि ज्यांना पायरीपर्यंतही जाता येत नाही, त्यांचं काय? माझ्या सासूबाई खुब्याचं हाड मोडल्यापासून पलंगावर आहेत. खिडकी उघडी ठेवायची का, पाहुण्यांना आत सोडायचं का, हे त्यांना विचारूनच ठरतं. कधी त्या साफ नाही म्हणतात. 2024 च्या लोकसभेला 85 वर्षांवरच्या मतदारांना घरून मत देण्याची सोय होती. अधिकारी कागदपत्रं घेऊन आले, पलंगाशी आडोसा उभा केला. मदतीला म्हणून माझे पती पुढे झाले, तशा सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "तू बाहेर हो." आम्ही सगळेच बाहेर झालो. मत कुणाला दिलं, ते त्यांनी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही.