कार्बरोचा रूळ आणि दादाचे पुस्तक

अमेरिकेला मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना जे जे दाखवतात, ते सगळे आम्हाला दाखवून झाले होते. नायगारा झाला, वॉशिंग्टन झाले, समुद्रकिनाराही झाला. परतीला दहा दिवस उरले असताना मुलाने विचारले, "बाबा, अजून काही बघायचं राहिलंय का?" मी म्हटले, "आगगाडीचा एक रूळ बघायचा आहे." सूनबाई हसली. लोंढ्याच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेल्या माणसाला एवढ्या लांब येऊनही रूळच बघावासा वाटतो, याचे तिला नवल वाटले असणार.

हा रूळ नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या कार्बरो या छोट्या गावात आहे. मुलगा राहतो त्या केरीहून मोटारीने साधारण अर्ध्या तासाचा रस्ता. पण वाचकहो, कार्बरोला पोहोचण्याआधी तुम्हाला थोडे लोंढ्याला यावे लागेल.

साठीच्या दशकात आमचे वडील लोंढा स्टेशनात नोकरीला होते. गाडी मीटरगेज. मुरगाव बंदराकडे खनिज नेणाऱ्या मालगाड्या लोंढ्यावरून कॅसलरॉककडे जात आणि तिथून घाट उतरत. रात्री मालगाडी आली की स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी थरथरायची. आम्हा मुलांना त्याशिवाय झोप येत नसे. पलीकडच्या क्वार्टरमध्ये गोव्याचे एक गार्डसाहेब राहत. ड्यूटी नसली की संध्याकाळी व्हरांड्यात बसून ते गिटार वाजवायचे. माझा दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो कुंपणापाशी उभा राहून तासन् तास ऐकायचा. १९६९ साली गार्डसाहेबांची बदली झाली, तेव्हा त्यांनी आपली जुनी गिटार आणि गाण्यांचे एक इंग्रजी पुस्तक दादाच्या हातात ठेवले.

त्या पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि पुढची काही पाने तेव्हाच गेलेली होती. आत प्रत्येक गाण्याखाली सहा आडव्या रेघा आणि त्यांवर आकडे. सहा रेघा म्हणजे गिटारच्या सहा तारा आणि आकडा म्हणजे कोणत्या पट्टीवर बोट दाबायचे ते. स्वरलिपी न येणाऱ्यालाही त्यावरून वाजवता येते. पुस्तक होते बोटांनी तारा छेडून वाजवण्याचे. या पद्धतीत अंगठा जाड तारांवर एकसारखा ठेका धरतो आणि तर्जनी, मधले बोट बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात. डग्ग्याचे काम आणि पेटीचे काम एकाच हाताने करायचे म्हणा ना! ऐकणाऱ्याला वाटते, दोघे जण वाजवताहेत.

अडचण एकच होती. दादा डावरा होता. शाळेत त्याच्या डाव्या हातावर पट्टी बसे. घरी प्रसादाला डावा हात पुढे आला की आजी तो मागे ढकलायची. शेवटी लिहायला तो उजव्या हाताने शिकला, पण गिटार मात्र त्याने उलटी धरली. तारा न बदलता, नुसती उलटी. त्यामुळे जाड तारा खाली गेल्या आणि बारीक वर आल्या. त्याचे तो रेटून वाजवायचा. पुढे कोणीतरी सांगितले म्हणून तो बेळगावला कॅम्पातल्या एका मास्तरांकडे गेला. मास्तरांनी त्याला गिटार उलटी धरलेली पाहिली आणि म्हणाले, "आधी सरळ धरायला शीक, मग ये." दादा दुपारच्या पॅसेंजरने परत आला. गिटार माळ्यावर गेली ती कायमचीच. वडिलांनी, आईने कोणी काही विचारले नाही. मीही नाही. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा होतो.

दादाही पुढे रेल्वेतच लागला. संसार केला, मुलांची लग्ने केली. त्याच्या तोंडून गिटारचे नाव मी पुन्हा ऐकले नाही. २०१३ साली तो गेला. दिवसकार्य आटोपल्यावर वहिनींनी पत्र्याची ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांच्या वासात, मेणकापडात गुंडाळलेले ते पुस्तक निघाले. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हे तुम्हीच घेऊन जावा. इथं वाळवी लागंल."

बँकेतून निवृत्त झालो त्या वर्षी, म्हणजे २०१६ साली, मी गिटार विकत घेतली. टिळकवाडीत एक शिक्षक मिळाला, माझ्या मुलापेक्षाही लहान. साठीत शिकायचे म्हणजे सोपे नव्हते. पहिले दोन महिने डाव्या हाताच्या बोटांची टोके तारांनी सोलून निघाली, मग तिथे घट्टे पडले. पुस्तक उघडले तर पानोपानी दादाने पेन्सिलीने बारीक अक्षरे लिहून ठेवलेली. जाड तारांवरच्या स्वरांपाशी 'त' आणि बारीक तारांवरच्या स्वरांपाशी 'अं'. 'त' म्हणजे तर्जनी, 'अं' म्हणजे अंगठा. शिक्षकाने पाहिले आणि म्हणाला, "काका, हे सगळं उलटं लिहिलंय. तुमचा गोंधळ होईल." मला ते पटले. बिचाऱ्या दादाला कोणी शिकवले नाही, म्हणून त्याने चुकीचे लिहिले असणार! मी खोडरबर घेतले आणि पहिली दोन पाने स्वच्छ केली. तिसऱ्या पानावर कंटाळा आला, म्हणून बाकीची वाचली.

त्या पुस्तकात एक गाणे होते, 'फ्रेट ट्रेन'. फ्रेट ट्रेन म्हणजे मालगाडी. त्या पानावर दादाची अक्षरे सर्वांत दाट होती. कागद बोटांनी मळलेला. गाण्याखाली बाईचे नाव छापलेले होते, एलिझाबेथ कॉटन. गाणे सी सुरातले आहे. त्यातला एफ धरायला मला तीन महिने लागले आणि पूर्ण गाणे बसायला आठ. केरीला असताना सहज हे नाव निघाले तेव्हा सूनबाईने मोबाईलवर शोधून सांगितले, "बाबा, ही बाई तर इथलीच, कार्बरोची!" म्हणून मला तो रूळ बघायचा होता.

२०२३ च्या ऑक्टोबरमधली ती सकाळ. झाडांची पाने पिवळी-तांबडी झालेली. कार्बरोला लागूनच चॅपेल हिल हे विद्यापीठाचे गाव आहे. तिथे १७९५ पासून विद्यार्थी शिकताहेत. १८८२ मध्ये या भागात रेल्वेचा फाटा आला, पण तो विद्यापीठाच्या दारापर्यंत न नेता मैलभर अलीकडेच थांबवला. त्या शेवटच्या स्टेशनाभोवती वस्ती झाली, १८९८ च्या सुमारास कापडाची गिरणी निघाली आणि गाव वाढले. गिरणीमालक कार यांच्या नावावरून १९१३ साली त्याचे कार्बरो झाले. गिरणी बंद पडली, पण तिची विटांची इमारत जपून तिच्यात दुकाने थाटली आहेत. आपल्याकडे बंद गिरण्यांचे काय होते ते आठवून मी जरा वेळ तिथे रेंगाळलो.

रूळ गावाच्या मधून जातो. एकेरी, कडेला गवत वाढलेला. रुळाला लागून पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी वाट केली आहे, तिला नाव दिले आहे 'लिबा कॉटन बाइकवे'. लिबा म्हणजेच आपली एलिझाबेथ. आम्ही तिघे त्या वाटेने चालत होतो आणि सूनबाई वाचून सांगत होती.

एलिझाबेथचा जन्म १८९३ चा, जवळच्या लॉइड स्ट्रीटवरच्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतला. घर रुळापाशी, त्यामुळे गाड्यांचा आवाज कायमचा. भाऊ कामावर गेला की ती त्याचे बँजो आणि गिटार चोरून वाजवायची. भाऊ घर सोडून गेल्यावर तिने शाळा सोडली, लोकांच्या घरी महिना डॉलरभर पगारावर कामाला लागली आणि पैसे साठवून पावणेचार डॉलरची गिटार घेतली. 'फ्रेट ट्रेन' तिने रचले तेव्हा ती अकरा-बारा वर्षांची होती. लवकर लग्न झाले, मूल झाले. चर्चमधल्या मंडळींनी सांगितले, असली गाणी सोड. तिने सोडली. किती वर्षे? पंचवीसहून जास्त!

पुढे ती वॉशिंग्टनला एका मोठ्या दुकानात कामाला असताना तिथे हरवलेली एक मुलगी तिने आईकडे पोहोचवली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. त्यांनी तिला घरकामाला ठेवले. त्या घरात भिंतीवर गिटार टांगलेली असे. एक दिवस तिने ती काढली आणि वाजवू लागली. त्या घरच्या मुलाने, माइक सीगरने, तिचे वाजवणे ध्वनिमुद्रित केले आणि १९५८ साली फोकवेज कंपनीने तबकडी काढली. तेव्हा ती पासष्टची. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये 'फ्रेट ट्रेन' भलत्यांच्या नावावर गाजले होते, त्याचे श्रेय तिला मागाहून मिळाले. नव्वदी ओलांडल्यावर ग्रॅमी मिळाले. १९८७ साली ती वारली.

आम्ही रुळाकडेच्या बाकावर बसलो. सूनबाई म्हणाली, "बाबा, तिची जुनी फिल्म आहे. बघता?" मी चष्मा लावला.

पडद्यावर पांढऱ्या केसांची एक शांत बाई. मांडीवर गिटार. गिटारची मान उजवीकडे! मला वाटले, चित्र उलटे आले आहे. मग नीट पाहिले. ती डावरी होती. तारा न बदलता तिने गिटार नुसती उलटी धरली होती. जाड तारा खाली, बारीक वर. ठेका धरत होती तर्जनी आणि चाल वाजवत होता अंगठा.

'त' आणि 'अं'.

सूनबाई वाचतच होती. या पद्धतीला तिथले लोक 'कॉटन पिकिंग' म्हणतात, उजव्या हाताने वाजवणारेसुद्धा तिची नक्कल करू पाहतात, २०२२ मध्ये रॉक संगीताच्या मोठ्या दालनात तिला स्थान मिळाले. माझे तिकडे लक्ष नव्हते. पुस्तकातल्या सहा रेघांत सर्वांत वरची रेघ बारीक तारेची असते. सरळ गिटारवर ती तार असते सर्वांत खाली, म्हणून नवशिक्याचा हमखास गोंधळ होतो. माझाही झाला होता. दादाच्या उलट्या गिटारवर मात्र ती वरच होती. पुस्तक त्याला सरळ वाचता येत होते. तो चुकत नव्हता. या बाईचे नावही न ऐकलेल्या कोणी त्याला 'सरळ धर' म्हटले, आणि पुढे मी, सख्ख्या भावाने, त्याने शोधलेली वाट खोडरबराने पुसली.

मुलाने विचारले, "बाबा, काय झालं?" मी म्हटले, "काही नाही. जरा बसू या." तेवढ्या वेळात एकही गाडी आली नाही. या रुळावरून आता विद्यापीठाच्या वीजकेंद्रासाठी कोळशाची गाडी तेवढी जाते, असे मुलगा म्हणाला.

बेळगावला परतल्यावर पहिल्या रविवारी वहिनींकडे जाऊन सगळे सांगितले. मोबाईलवर ती फिल्मही दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली. मग म्हणाल्या, "हे अस्संच धरायचे. लग्न झालं तेव्हा एकदाच वाजवून दाखवलं होतं मला, माळ्यावरनं काढून." ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

घरी येऊन ती दोन पाने टेबलावरच्या दिव्याखाली तिरकी धरली. पेन्सिलीचे शिसे गेले होते, पण दादाचा हात जड. कागदावर खळ्या राहिल्या होत्या. एकेक खळी बघून मी 'त' आणि 'अं' पुन्हा गिरवले. दोन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या पानावर तीन ठिकाणी काही केल्या दिसेना. गाण्यावरून अंदाज बांधता आला असता. पण तो माझा झाला असता, दादाचा नव्हे. ती तीन जागा मी मोकळ्याच ठेवल्या आहेत.