तण कुणाचं?

वऱ्हाडात शेतात हरळी दिसली की लोक मुळासकट खणून काढतात. गोल्फवाले तीच हरळी 'बर्म्युडा' म्हणून मुद्दाम लावतात, जिवापाड जपतात! आणि त्यांचा शत्रू कोण, तर गूसग्रास... शास्त्रीय नाव इल्युसिन इंडिका. म्हणजे चक्क आपल्या नाचणीची रानटी बहीण!

हे गवत तुडवून टणक झालेल्या मातीत फोफावतं. जमिनीला चिकटून पसरतं, त्यामुळे वरून मशीन फिरलं तरी बी धरतंच. म्हणून जाणकार आधी माती मोकळी करतात, बी रुजण्याआधीच औषध मारतात. नुसत्या फवाऱ्यावर भिस्त ठेवली की काय होतं? मलेशियात १९९७ मध्ये ग्लायफोसेटलाही न जुमानणारं गूसग्रास सापडलं.

गुरुकुंज मोझरीच्या काकांना हे सगळं फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "बाबू, निंदाले बाया भेटत नाई, मंग फवारू नाई त का करू?"

मुद्दा बिनतोड आहे. पण दरवर्षी तेच तणनाशक मारत राहिलं, तर एक दिवस बायाही मिळणार नाहीत आणि औषधही लागू पडणार नाही. यंदा फवाऱ्याच्या जोडीला डवऱ्याचे दोन फेर द्यायला काका तयार झालेत. बघू!