तीन कानांची पेटी

आमच्या गल्लीत 'पेटी' म्हटले की दोन वस्तू डोळ्यांसमोर येतात. एक अण्णांची, म्हणजे हार्मोनियम. दुसरी माझी, म्हणजे विजेवर चालणारा कीबोर्ड. पहिलीला मान आहे, दुसरीला मागणी आहे. हा लेख या दोघींच्या भांडणाविषयी आहे. त्यात माझाही अपराध आहे, तो आधीच कबूल करून टाकतो.

माझा कीबोर्ड अरेंजर जातीचा. डाव्या हाताच्या तीन बोटांनी कॉर्ड धरली की ढोलक, बेस, गिटार अशी सगळी मंडळी आतल्या आत कामाला लागतात. उजव्या हाताने आपण चाल वाजवायची. सुरुवातीला एक बटण, अंतऱ्याआधी दुसरे, शेवटाला तिसरे. चार जणांचा ताफा एकट्याच्या काखेत मावतो. गणेशोत्सवात मंडळांना हे फार सोयीचे पडते. एकाचेच मानधन आणि एकाचाच चहा! तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने मला बोलावले आणि इतकी वर्षे तिथे पेटीवर बसणारे अण्णा समोरच्या खुर्चीत जाऊन बसले. त्यांना 'येऊ नका' असे कुणी म्हटले नव्हते. 'या' म्हणायचे राहून गेले, इतकेच.

कार्यक्रम रंगला. टाळ्याही झाल्या. मी वायरी गुंडाळत असताना अण्णा जवळ आले. म्हणाले, "ठेका झकास चालला होता रे. पण त्यात तू कुठं होतास?"

मी तिथे हसलो. घरी गेल्यावर मात्र हसू आले नाही.

अण्णांच्या बोलण्यात मत्सर असता तर बरे झाले असते. उत्तर सोपे होते. पण ते खरे बोलले होते. पेटीचा सूर दाबला म्हणजे संपत नाही. डावा हात भात्यावर असतो. तो हात सुराला फुगवतो, ओसरू देतो, गायकाचा दम संपत आला की आपलाही आवरतो. माझ्या कीबोर्डला पट्टी जोरात दाबली की हळू, एवढे कळते. पण एकदा दाबल्यावर लांब धरलेला सूर पुढे तसाच, सरकारी पत्रासारखा कोरडा. त्यात फरक करायची सोय आत आहे, नाही असे नाही. पण ती पडद्यावरच्या चौथ्या पानावर. तिथे पोहोचेपर्यंत गायक पुढच्या कडव्यात गेलेला असतो.

ही तक्रार जुनीच आहे. १९७० साली निघालेल्या मिनीमूगवर प्रत्येक गुणधर्माला स्वतंत्र नॉब होता. वादक एका हाताने वाजवी आणि दुसऱ्या हाताने आवाज घडवी. १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ आला. आवाज नवे, लोकप्रियता अफाट, पण नॉब गेले आणि सपाट बटणे आली. मग पुन्हा उलटा प्रवास सुरू झाला. २०१५ च्या पीएसआर-एस९७० या अरेंजरवर त्याच कंपनीने वाजवता वाजवता फिरवण्यासाठी दोन नॉब दिले. पण तो घेण्याइतके पैसे बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याकडे कुठून येणार? माझा कीबोर्ड सेकंडहँड आणि नॉबविना.

अशा वेळी मित्र कामाला येतो. माझा मित्र इलेक्ट्रॉनिक्सचा. घरी कन्नड बोलतो, भांडतो मात्र मराठीत. त्याने कीबोर्डची मागची बाजू पाहिली. तिथे पाच पिनांची एक गोल खोबण होती, मिडी इन. १९८३ पासून निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये ज्या भाषेत एकमेकांशी बोलतात, ती मिडी. मग त्याने माहितीपुस्तकाची शेवटची पाने उघडली. मी ती कधी वाचली नव्हती. तिथे कोष्टक होते: ११ म्हणजे सुराचा चढउतार, ७४ म्हणजे आवाजाचा उजाळा, ९१ म्हणजे घुमारा. प्रत्येकाला ० ते १२७ पर्यंत किंमत. "म्हणजे वाद्याला कान आहेत," मित्र म्हणाला, "पिळणारा कुणी नाही."

आम्ही तीन दहा किलोओहमची पोटेन्शिओमीटरे आणली, एक आर्डुइनो बोर्ड, दोन २२० ओहमचे रोधक आणि एक पाच पिनांची खोबण. पेटी म्हणून आईचा जुना पत्र्याचा डबा. नॉब फिरला की बोर्ड ० ते १०२३ मधला आकडा वाचतो. त्याला आठाने भागले की १२७ पर्यंतचा आकडा मिळतो. मग तीन बाइटचा निरोप जातो: कोणता चॅनेल, कोणता क्रमांक, किती किंमत. सेकंदाला ३१,२५० बिट या वेगाने एका निरोपाला एक मिलिसेकंदही लागत नाही.

पहिल्या रात्री काहीच झाले नाही. मी घाबरलो, वाद्य जळाले तर दुसरे कुठले? मित्र शांतपणे म्हणाला, "स्वल्प तडी." खोबणीच्या पिना समोरून मोजायच्या की मागून, यात माझा घोटाळा होऊन चौथी आणि पाचवी उलट जोडली गेली होती. वाद्य बचावले, कारण मिडीत निरोप आत शिरताना प्रकाशाच्या रूपाने शिरतो. दोन यंत्रांचा विजेचा थेट संबंध येतच नाही. मग चॅनेलची अडचण. निरोप पोहोचत होते, पण माझ्या उजव्या हाताचा आवाज ते ऐकत नव्हता. कीबोर्डच्या आतल्या मांडणीत तो चॅनेल जुळवता आला. सगळ्याच कीबोर्डांत ही सोय नसते, म्हणून हा उद्योग करू पाहणाऱ्याने कोष्टक आधी वाचावे.

तिसरी खोड तालमीत कळली. सूर भरात होता, चढउताराचा नॉब मात्र खाली राहिलेला. मी त्याला नुसता स्पर्श केला आणि अभंगाच्या मधोमध सूर धपकन विहिरीत! त्यानंतर आम्ही प्रोग्रॅम बदलला: नॉब चालू किमतीपाशी येईपर्यंत निरोप पाठवायचाच नाही. माणसालाही असे शिकवता आले तर किती भांडणे टळतील!

डबा तयार झाल्यावर मी तो प्रथम अण्णांकडे नेला. त्यांनी पत्रा वाजवून पाहिला. मग उजव्या हाताने एक सूर धरला आणि डाव्याने पहिला नॉब हळूहळू फिरवला. सूर फुगला, ओसरला. त्यांचा डावा हात सवयीने भात्यासारखा पुढेमागे होऊ लागला, तेव्हा तेच हसले.

"भाता न्हवे हा," ते म्हणाले. "पण श्वास घेतोय. बिघडला तर काय करालास?"

"मीच जोडलाय अण्णा, मीच दुरुस्त करीन."

"मग वाद्य म्हणायला हरकत नाही."

पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावात पेटीला निर्जीव म्हणायची कुणाची छाती नाही. पण याच पेटीत मींड निघत नाही म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. ही हकीकत मला अण्णांनीच त्या दिवशी सांगितली. बहुधा माझे सांत्वन म्हणून.

तीन नॉबांनी माझा अपराध फिटला, असे मी म्हणणार नाही. अण्णांची खुर्ची डब्याने परत मिळत नाही. ती मागावी लागते. यंदा मी मंडळाच्या बैठकीत गेलो आणि अभंगांना पेटी हवी, असे सांगितले. मानधन दोघांत वाटून घेऊ, हेही सांगितले. चिटणीस म्हणाले, "चहा मात्र दोन लागतील."

मी म्हटले, "लागू देत."