बोलण्याचा क्रम

औषधनिर्मात्याचा आणि रुग्णाचा संबंध सामान्यतः एका खिडकीपुरता असतो. चिठ्ठी आत येते, गोळ्या बाहेर जातात, आणि मधल्या हातभर फळीपलीकडे कोण उभे आहे याची चौकशी करण्याचे प्रयोजन औषध देणाऱ्यास सहसा पडत नाही. माझ्या नोकरीचा पूर्वार्ध एका मोठ्या इस्पितळातील अशाच खिडकीमागे गेला. उत्तरार्ध मात्र पश्चिम महाराष्ट्रातील एका लहानशा उपशामक सेवा केंद्रात गेला. रोग बरा होण्याची आशा मावळलेले, बहुतांशी कर्करोगाचे रुग्ण, उरलेले आयुष्य निदान वेदनेवाचून जावे एवढ्यासाठी तेथे येतात, आणि तेथील मंगळवारच्या बैठकीविषयी मला जे सांगावयाचे आहे ते मी आजवर कोठे लिहिले नव्हते.

आधी मॉर्फिनच्या गोळीची हकीकत सांगितली पाहिजे, कारण त्या बैठकीत मला बसावयास जागा मिळाली ती तिच्यामुळे. अफूची शेती मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या राज्यांत सरकारी परवान्याने होते, तिचा चीक नीमच आणि गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत जातो, आणि असे असूनही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर कित्येक वर्षे या देशातील बहुसंख्य कर्करुग्णांना ही स्वस्त गोळी दुर्लभच राहिली; एवढ्याशा खरेदीसाठी निरनिराळ्या खात्यांचे इतके परवाने लागत आणि त्यांच्या मुदती अशा मागेपुढे संपत, की पुष्कळ इस्पितळांनी तो नादच सोडून दिला होता. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला मॉर्फिन बाळगण्याचा मार्ग पुष्कळ सुकर झाला. राहिले ते हिशेबाचे बंधन, आणि ते असावयासच हवे. आमच्या कपाटाला दोन कुलपे होती, एकाची किल्ली माझ्याकडे, दुसऱ्याची मुख्य परिचारिकेकडे. गोळी किती वाजता निघाली, कोणासाठी निघाली, कोणी नेली, शिल्लक किती, हे सारे तारीखवार वहीत उतरे आणि सायंकाळी वहीतील शिल्लक व कपाटातील शिल्लक यांचा मेळ घातल्यावाचून मी घरी जात नसे. ही वही मी सरकारसाठी लिहितो अशी माझी पहिल्यापासूनची समजूत होती.

केंद्राच्या आरंभीच्या काळात बैठक भरे ती कोणत्याही इस्पितळात भरते तशीच. डॉक्टर बोलत, बाकीचे लिहून घेत आणि उठत. पुढे कोझिकोडला उपशामक वैद्यकाचे शिक्षण घेऊन आलेल्या एक डॉक्टर प्रमुख झाल्या आणि त्यांनी बोलण्याचा क्रमच उलटा केला. प्रत्येक रुग्णाविषयी प्रथम बोलावयाचे ते वॉर्डातील मावशींनी, मागून रात्रपाळीच्या आणि दिवसपाळीच्या सिस्टरांनी, मग भौतिकोपचार करणाऱ्या तरुणाने, आहारतज्ज्ञ बाईंनी, समाजसेविकेने, माझ्यासारख्याने, आणि सर्वांच्या शेवटी डॉक्टरांनी. त्यांचे म्हणणे एवढेच होते, ‘मी आधी बोलले, की तुम्ही माझ्याच म्हणण्याला दुजोरा द्याल, आणि जे तुम्ही पाहिलंत ते पोटातच राहील.’ मावशींना सुरुवातीस हे फार जड गेले. त्या उभ्याच राहात. बसा म्हटले की खुर्चीच्या कडेवर टेकत. आणि चहा आणण्याच्या निमित्ताने, आपली पाळी येण्यापूर्वी, हमखास बाहेर जात. ते लक्षात येताच डॉक्टरांनी लेखी हुकूम काढला, की यापुढे मंगळवारचा चहा कचेरीतील शिपायाने आणावा. सेवाभावावरील व्याख्याने मी पुष्कळ ऐकली आहेत. त्या चार ओळींच्या हुकमाने जे साधले ते त्यांतील एकानेही साधलेले मला दिसले नाही.

या शास्त्राच्या आधुनिक स्वरूपाच्या जननी सिसिली साँडर्स यांचे चरित्र या दृष्टीने मोठे उद्बोधक आहे. त्या प्रथम परिचारिका झाल्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले तेव्हा इस्पितळातील समाजसेविका झाल्या. आणि वेदनेकडे वैद्यांचे लक्ष वेधावयाचे तर आपण स्वतः वैद्य व्हावे लागेल, हे कळल्यावर पुन्हा शिकून १९५७ साली डॉक्टर झाल्या. लंडनमधील त्यांचे सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस १९६७ साली उघडले. मरणोन्मुख माणसाची वेदना केवळ देहाची नसते, तिच्यात मनाचे, संसाराचे आणि श्रद्धेचे दुःख एकवटलेले असते, हा त्यांचा सिद्धांत आज सर्वमान्य आहे. आणि तो सुचला तो तीन निरनिराळ्या खुर्च्यांवरून रुग्णाकडे पाहिलेल्या व्यक्तीला, ही गोष्ट मला आकस्मिक वाटत नाही. एकाच आयुष्यात तीन पेशे आचरणे आपणा सामान्यांच्या आवाक्यातले नव्हे. आपल्याला ते काम वाटूनच घ्यावे लागते, आणि वाटून घेतलेले पुन्हा एकत्र कोठे आणावयाचे हा प्रश्न मग शिल्लक राहतो.

आमच्याकडे बीड जिल्ह्यातील एक मुकादम दाखल झाले होते. दरसाल ऊसतोडणीची टोळी घेऊन ते एका साखर कारखान्याच्या हद्दीत येत. प्रोस्टेटचा कर्करोग कण्यात आणि कमरेच्या हाडांत उतरलेला, अंगावर हात ठेवला तरी कळ उठे. मॉर्फिन दर चार तासांनी घड्याळाच्या ठोक्याला चालू होते, रात्री निजताना दुप्पट मात्रा, जोडीला बद्धकोष्ठाचे औषध, आणि मध्येच कळ आली तर द्यावयाची जादा मात्राही ठरवून दिलेली. तरी वेदना आटोक्यात येत नव्हती आणि मात्रा वाढतच होती. मंगळवारी त्यांचे नाव निघाले तेव्हा मी माझी वही उघडली होती, कारण सायंकाळच्या मेळात एक गोष्ट मला खटकत होती. जादा मात्रा दिवसा क्वचितच निघत. एक सकाळी अंग पुसण्याच्या वेळी, आणि एक दररोज, न चुकता, रात्री दोन ते तीनच्या दरम्यान.

पण माझी पाळी येण्याआधी मावशी बोलल्या होत्या. रात्री त्याच पायथ्याशी बसत. त्या म्हणाल्या, ‘त्या टायमाला ते उठाया बघत्यात. गाड्या भरल्या का, इचारत्यात. गोळी दिली तरी हात सोडत न्हाईत माजा. आन् वही घावली का, वही घावली का, ह्येच चालू आसतंय.’ सिस्टरांना हा भ्रम वाटला होता आणि त्यांची शंका रास्तच होती. मॉर्फिन जास्त झाले, लघवी तुंबली, कोठा जड झाला, यांपैकी कशानेही असा भ्रम होऊ शकतो, आणि त्यांनी ही तिन्ही कारणे तपासून बाजूला सारलीही होती. दिवसा तर मुकादम अगदी शुद्धीवर, नातवंडांची नावे क्रमाने सांगत. भौतिकोपचारवाल्या मुलाने सांगितले, की कूस बदलताना खांदा आधी वळतो आणि कंबर मागे राहते, तेव्हाच ते किंचाळतात. डोक्यापासून पायांपर्यंत सारे अंग एकदम, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी धरून वळवले, तर किंचाळत नाहीत. मी वहीवर बोट ठेवून दोन ते तीनची वेळ वाचून दाखवली. तेव्हा समाजसेविका, जी मूळची मराठवाड्यातीलच, एकदम म्हणाली, ‘तोडणीच्या टोळीत गाड्या भरायची वेळच ती असते. आणि वही म्हणजे उचलीची वही.’

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुकादम हंगामाआधी कंत्राटदाराकडून रक्कम घेतो आणि ती तोडणी करणाऱ्या जोडप्यांना आगाऊ वाटतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि आगाऊ दिलेली रक्कम म्हणजे उचल. कोयता मध्येच निघून गेला किंवा हंगामात उचल फिटली नाही, तर जबाब मुकादमाला द्यावा लागतो. आमच्या या गृहस्थांनी दोन एकरांचे कागद तारण ठेवले होते, नावानिशी हिशेब फक्त त्या वहीत होता, वही धाकट्या भावाकडे की आणखी कोठे हे ठाऊक नव्हते, आणि आपल्यामागे ते देणे बायकोच्या गळ्यात पडणार ही चिंता त्यांनी कोणाही डॉक्टरपाशी काढली नव्हती, कारण डॉक्टरांनी विचारले होते ते कोठे दुखते एवढेच.

डॉक्टर सर्वांत शेवटी बोलल्या. सकाळची जादा मात्रा अंग पुसण्याच्या अर्धा तास आधी द्यावी. कूस वळवण्याची रीत मावशींना आणि मुकादमांच्या पत्नीस त्या मुलाने शिकवावी. कमरेच्या हाडासाठी शहरातील इस्पितळात एकाच बैठकीत संपणारा किरणोपचार मिळतो, त्याची तजवीज त्या करतील. नियमित मात्रा तूर्त वाढवू नये. आणि समाजसेविकेने भावाला वहीसकट बोलावून घ्यावे. भाऊ दोन दिवसांत आला. खाटेशेजारी स्टुलावर बसून समाजसेविकेने एकेका कोयत्याचे खाते वाचले, मुकादम डोळे मिटून ‘फिटलं’, ‘निम्मं ऱ्हायलं’, असे सांगत गेले, आणि दोन साक्षीदारांसमक्ष भावाने टोळी व तिचे देणे आपल्या अंगावर घेतल्याचा कागद झाला. त्यानंतर रात्रीच्या जादा मात्रा माझ्या वहीत विरळ होत गेल्या. किरणोपचाराचा गुण यावयाचा कालही तोच होता, तेव्हा वेदना हाडात उतरलेल्या किरणांनी हटली, उशीने, की त्या कागदाने, हे मी सांगू शकत नाही, आणि डॉक्टरांनाही सांगता आले नसते. यशाचे श्रेय खात्याखात्यांवर नावे टाकून देण्याची जी इस्पितळी सवय आहे तिला येथे काही आधारच उरत नाही, आणि मला तर ते फार इष्ट वाटते.

बैठकीत सर्वांचे एकमत होत असे, असे मात्र कोणी समजू नये. घास गिळता न येणाऱ्या एका वृद्धेच्या नाकातून नळी घालावी की नाही, यावर आहारतज्ज्ञ बाई आणि मुख्य परिचारिका यांचा जो वाद झाला तो आवाज चढेपर्यंत झाला. घरचे हात जोडून म्हणत होते, आईला उपाशी जाऊ देऊ नका. आपल्याकडे जेवू घालणे ही मायेची पहिली आणि कित्येकदा एकमेव भाषा असते, तेव्हा ही विनंती केवळ अज्ञान म्हणून झटकून टाकण्याजोगी नव्हती. उलट, शेवटच्या दिवसांत शरीरच अन्न मागेनासे होते आणि नळीने भरलेले छातीत जाऊन गुदमरण्याचा धोका असतो, हेही तितकेच खरे. अखेर नळी घातली नाही. परंतु आहारतज्ज्ञ बाईंनी हार मानून गप्प बसण्याऐवजी सुनेला विचारले, की सासूबाईंना काय आवडे. उत्तर आले, आमसुलाचे सार. मग ओठ ओले करण्याच्या कापसाचा बोळा पाण्याऐवजी पातळ सारात बुडवून सून तो दिवसातून अनेकदा जिभेला लावी. मतभेद झाला नसता तर आम्ही पाण्यावरच थांबलो असतो.

मुकादमांना गावी जावयाचे होते. समाजसेविकेने तालुक्यातील एका डॉक्टरांना गाठले, आमच्या डॉक्टरांनी त्यांना सविस्तर पत्र लिहिले, आणि गोळ्या बांधून देण्याचे काम माझे. पत्नीला अक्षरओळख नव्हती. पाच वेळांच्या पाच पुड्या कशा ओळखावयाच्या, यावर मावशींनीच तोड काढली: पुडीला रंगीत दोरा बांधावा आणि घड्याळाऐवजी तिच्या दिनक्रमाशी वेळ जोडावी. पांढरा दोरा म्हैस पिळण्याच्या वेळेचा, पिवळा रानात भाकरी जाते त्या वेळेचा, हिरवा दुपारचा, तांबडा दिवेलागणीचा, आणि काळा, दोन गोळ्यांचा, निजतानाचा. तिने मला त्या साऱ्या उलटसुलट क्रमाने ओळखून दाखवल्या, तेव्हाच मी पिशवी तिच्या हाती दिली. ते घरी, आपल्या माणसांत गेले. भाऊ उरलेल्या गोळ्या घेऊन परत आला होता; त्या मी मोजून वहीत जमा केल्या.

अलीकडे विश्वस्त मंडळापुढे खर्चाचा प्रश्न आला आहे. डॉक्टर, परिचारिका आणि औषधे यांवाचून चालणार नाही हे सर्वांना मान्य आहे; समाजसेविकेची पूर्ण वेळची जागा आणि आठवड्यातून दोन सकाळी येणारा भौतिकोपचारतज्ज्ञ, या दोन बाबी मात्र काटकसरीच्या यादीत सर्वांत वर होत्या. मी निवृत्त असूनही परवानगी मागून त्या सभेस गेलो आणि माझ्या जुन्या नोंदींवरून, रुग्णाचे नाव न घेता, त्या रात्रींच्या जादा मात्रा, बैठक, आणि नंतरच्या रात्री ओळीने वाचून दाखवल्या. मॉर्फिनची वही खर्चाच्या सभेत वाचली जाण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी. समाजसेविकेची जागा कायम राहिली. दुसऱ्या जागेचा निर्णय पुढील सभेवर गेला आहे. तिच्यासाठीचा अर्ज डॉक्टरांनी मला लिहावयास सांगितला आहे, आणि त्यावर पहिली सही मावशींची घ्यावयाची असे ठरले आहे.