नॅनोशी गट्टी

कर्जतला भाच्याने माझ्या जुन्या संगणकाच्या काळ्या पडद्यावर ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल नॅनो’ एवढे लिहिले, आणि मिनिटभरात मजकूर लिहिण्याची ही पाटी घरी आली. ‘पिको’ला मुक्त पर्याय म्हणून १९९९ साली जन्मलेला हा नॅनो मोठा मोकळ्या मनाचा! मुख्य किल्ल्या तळाशी मांडूनच बसतो. कंट्रोलसह ‘ओ’, मग एंटर, की लिहिलेले जपले. ‘एक्स’ दाबा, बाहेर. (‘व्हिम’मध्ये शिरलेल्याला म्हणे बाहेरची वाट विचारावी लागते.) जोडाक्षरे माझ्या पडद्यावर विस्कटतात, फाइलीत मात्र शाबूत असतात.

खालापूरच्या नव्वदीतल्या आत्याच्या जात्यावरच्या ओव्या मी त्यात उतरवतो आहे. परवा तिला निम्मीच ओवी आठवली. तेवढी जपून ठेवली; खालची ओळ मोकळी सोडली.