जुन्या संगणकातील नवे कार्ड

थोरल्यासाठी घेतलेला गेमिंग संगणक दहा वर्षांनी धाकटीच्या वाट्याला आला. ती त्यावर ॲनिमेशन शिकते. गेल्या पावसाळ्यात पडद्यावर रंगीत चौकोन उमटू लागले. काम वाढले की पडदा काळा होई. धूळ झाडली, थर्मल पेस्ट बदलली, ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या संगणकात लावून पाहिले. दोष कार्डाचाच ठरला.

‘भंगारात द्या,’ दुकानदार म्हणाला. नवा संगणक म्हणजे तिची वर्षाची फी. मला चुल्लवग्गातील आनंद आठवला. जीर्ण चीवरांचे पलंगपोस, त्यांची पुढे पायपुसणी, अखेर चिंध्या मातीत मळून लिंपण, असा हिशेब तो उदेन राजाला देतो. वसतिगृहात ही कथा आम्ही ऐकली, तीही रफू केलेले सदरे घालून.

मोठ्या कार्डाचा मोह झाला. पण दहा वर्षांच्या वीजपुरवठ्यावर तो भार टाकवेना. म्हणून २०१६ सालचे, वापरलेले जीटीएक्स १०५० टीआय घेतले. त्याची भूक ७५ वॅट. तेवढी वीज मदरबोर्डाच्या खाचेतूनच मिळते, वेगळी तार लागत नाही. कार्ड धाकटीनेच बसवले. रंग स्थिर झाले. जुन्या कार्डाचे पंखे तिने सोडवून डब्यात ठेवले आहेत. कशासाठी, ते अजून ठरलेले नाही.